डब्यूकमधली भांगलण

पिसाळांच्या घरातला फोटोंचा आल्बम कुणीही उघडावा, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक गोष्ट ध्यानात येतेच. या घरातली बाई फोटोत कधी समोर बघत नाही. ईगल पॉइंटच्या कड्यावर उभं राहिलं की आयोवा, इलिनॉय आणि विस्कॉन्सिन अशी तीन राज्यं एका नजरेत मावतात. खाली मिसिसिपी पसरलेली, बंधाऱ्याच्या दाराशी धान्याच्या लांबलचक बोटी पाणी चढायची वाट बघत थांबलेल्या. कुठून कुठून लोक हे बघायला येतात. आणि मालिनी पिसाळ, केशरी स्वेटर घालून, आपल्याच बुटांच्या टोकाशी काहीतरी बघत उभी. चौथ्या रस्त्यावरच्या टेकडीवर चढणारी ती इवलीशी रेल्वे, तिच्या डब्यातही हिची मान खाली. आगबोटीच्या डेकवर सगळे हात हलवताहेत, तर ही कठड्यावरून वाकून काठावरचं गवत न्याहाळतेय.

"अगं, वर बघ ना यार," कॅमेरा डोळ्याला लावून तिचा नवरा जगन्नाथ दर वेळी ओरडायचा. "एवढी मोठी नदी समोर आहे आणि तुझं खाली काय सांडलंय?"

"काही नाही हो. घोळ उगवलीय."

जगन्नाथ शहराबाहेरच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनियर. मालिनी पंचाहत्तर साली त्याच्यामागून आयोवातल्या डब्यूकला आली, तेव्हा तिच्याकडे इंग्रजीची तीस-चाळीस वाक्यं होती, आणि त्यातली निम्मी शाळेच्या धड्यातली, इथे कुणीच बोलत नाही अशी. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी तिचं माहेर. बारा एकर काळं रान, दोन भावांच्या पाठीवरची ही एकुलती लेक. शाळा सुटली की दप्तर बांधावर फेकायचं आणि आबांच्या शेजारी उकिडवं बसून भांगलायचं. पिकातलं तण खुरप्यानं उपसत उपसत दोघं बापलेक मावळतीकडे सरकायची. ज्या पोरीचं बालपण जमिनीकडे बघण्यात गेलं, तिची मान एकाएकी देखाव्यांकडे कशी वळणार?

त्यात गंमत अशी की इथलं तण ओळखीचं निघालं. पहिल्याच उन्हाळ्यात गॅरेजसमोरच्या सिमेंटच्या भेगेत तिला घोळ दिसली. तीच ती, जाड पानांची, लाल देठांची. मालिनी तिथल्या तिथे खाली बसली आणि किती तरी वेळ तिच्याशी बोलत राहिली. दुपारी डाळ घालून भाजी केली. जगन्नाथ नाक मुरडत जेवला आणि ताट पुसून उठला.

मंडळाच्या जेवणात मात्र तिची फजिती झाली. डब्यूक आणि आसपासची मिळून आठ मराठी घरं. त्यांच्या मंडळाची सगळी सूत्रं नीलाच्या हातात. नीला पुण्याची, डॉक्टरांची बायको, जिभेनं तिखट आणि मनानं बरी.

"मालिनी, ही कसली गं भाजी? ऑफुली टेस्टी आहे."

"घोळ. दारातच उगवलीय."

"दारात? अगं, म्हणजे वीड? इथे लोक त्याच्यावर फवारे मारतात, आणि तू आम्हाला वाढतेस?"

सगळी हसली. नीलाने दुसऱ्यांदा वाढून घेतली हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मालिनीने मात्र त्यानंतर मंडळात कायम बटाट्याची भाजी नेली.

तिची आई एकोणऐंशी साली गेली. गावात फोन नव्हता. भावाचं पत्र डब्यूकला पोचलं तोवर तिकडे तेरावं उरकलं होतं. मालिनीने ते पत्र ओट्याशी उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून मसाल्याच्या डब्यामागे ठेवलं आणि मनाशी एक गाठ मारली. आबांना इथे आणायचं आणि पुरते सहा महिने ठेवायचं. आठ-पंधरा दिवसांची पाहुणकी नको. हे सात समुद्रांचं अंतर आहे, पुन्हा भेट होईल न होईल. एकदा काय ते पोटभर.

ही गाठ सोडवायला पाच वर्षं गेली. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात आबा आले. एकनाथराव थोरात, वय चौऱ्याहत्तर, धोतर, पांढरी टोपी, विमानातल्या थंडीने कुडकुडलेले. पिशवीत कुलदैवताचा अंगारा होता, शेंगांची चटणी होती. खुरपंही घेतलं होतं, पण ते थोरल्या मुलाने काढून ठेवलं. "आबा, अमेरिकेत खुरपं कशापायी?"

पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्यात आबा खिडकीशी बसायला लागले. तिसऱ्यात त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. मालिनी बर्फातल्या पालकाला लसणाची फोडणी देई, तूप सोडी. आबा दोन घास खाऊन ताटाला नमस्कार करत. शेवटी एका संध्याकाळी पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, "मालन, जावईबापूंस्नी सांग, माजं तिकीट अलीकडं वडा म्हनून."

जावईबापू समोरच बसले होते. पण अशा गोष्टी जावयाला थेट सांगायच्या नसतात.

"का ओ आबा? काय कमी पडतंय का?" माहेरच्या माणसाशी बोलताना मालिनीची भाषा आपोआप कृष्णाकाठी जायची.

"कमी काय न्हाई. जास्तच हाय समदं. पर मानसाचे हात मोकळे ऱ्हायले का त्ये मनाला खात्यात बग. हितं सकाळ हुती, मग दुपार हुती, मग परत दुपारच ऱ्हाती. आन् ही तुमची बर्फातली भाजी, राग नगं मानूस, चिंधी शिजवल्यावानी लागती."

"आबा, आजून म्हैना न्हाई झाला."

"आता हाताला काय नसलं तर म्हैना लई मोटा आसतुय, पोरी."

भांडी घासायचं यंत्र असूनही त्या रात्री मालिनीने सगळी भांडी हातानं घासली.

जगन्नाथने शिकागोच्या एजंटला फोन केला. जूनच्या दुसऱ्या मंगळवारची एक सीट निघाली. हातात अकरा दिवस. जगन्नाथ तसा दिलदार गडी, त्याने रजा टाकली आणि म्हणाला, "मी त्यांना असं फिरवतो की स्वतःच म्हणतील, तिकीट कॅन्सल करा." त्यांची आठ वर्षांची मुलगी सुनेत्रा पुढच्या सीटवर नकाशा घेऊन बसली, आबा मागे लेकीशेजारी, आणि फिरणं सुरू झालं.

बंधाऱ्यावर जगन्नाथने अर्धा तास समजावलं: बोट आत येते, दार बंद होतं, पाणी चढतं, पुढचं दार उघडतं. आबांनी मान डोलवली. "लई झ्याक." मग लेकीला हळूच म्हणाले, "बोटीत मका हाय म्हनं. त्यो पिकवनारा गडी कुठं दावत न्हाईत त्ये."

टेकडीवरच्या रेल्वेत बसल्यावर त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं. "येवड्या चढाला रेल्वे? हितली मान्सं पायानं काय करत्यात?" आगबोटीच्या भोंग्याला मात्र ते खुदकन हसले, आणि त्या हसण्यावर मालिनीने दोन दिवस काढले.

ईगल पॉइंटला जगन्नाथने दोघांना कठड्याशी उभं केलं. "आबा, इकडे बघा. मालिनी, तू तरी आज..." कॅमेऱ्यातून पाहिलं तर दोघांच्याही माना खाली.

"चाकवत न्हवं गं ह्यो?" आबा विचारत होते.

"चाकवतच. आन् किती कवळा हाय बगा."

आबा वाकले, तसा जगन्नाथ धावला. "नको नको, आबा, इथे काही तोडायचं नाही. पार्क आहे, रूल आहे."

"उगवल्याली भाजी तोडायची न्हाई?" आबांना ते खरंच कळेना. "मग ती उगवती कशापायी?"

सुनेत्राला हे फार आवडलं. "ही हॅज अ पॉइंट, बाबा," ती म्हणाली. पण रूल तो रूल. चाकवत तिथेच राहिला. आबांनी वळून वळून दोनदा त्याच्याकडे बघितलं, आणि मग घरी येऊन पुन्हा खिडकीशी बसले. मालिनीने शनिवारी त्यांची बॅग भरायला घेतली. भरलेलं एकेक धोतर ती पुन्हा काढून नव्याने घडी घालत होती.

रविवारी मंडळाची सहल. नदीच्या वरच्या अंगाला काउंटीचं एक पार्क होतं, झाडी, टेबलं, खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेला माळ. नीलाने जाहीर केलं की ही सहल आबांच्या निरोपाची. भेळ झाली, बटाटेवडे झाले, कुणी पत्ते काढले. आबांना सगळ्यांनी आग्रहाने मधल्या खुर्चीत बसवलं, आणि मग सगळे आपापल्या गप्पांत रंगले. अर्ध्या तासाने मालिनीने बघितलं तर खुर्चीवर टोपी नव्हती, आबा नव्हते.

ती माळाच्या बाजूला निघाली. उताराच्या मध्यावर, गुडघाभर उंचीच्या तारेच्या कुंपणात एक तुकडा होता, असेल आपल्या पाच-सहा गुंठ्यांएवढा. नुकत्याच पडलेल्या पावसाने माती मऊ झालेली. आणि तिथे, धोतराचा काचा मारून, आबा भांगलत होते. हातात खुरपं नव्हतं म्हणून नीलाचं स्टीलचं उलथनं होतं. उपटलेल्या रोपांचे नेटके ढीग बांधाबांधाने लावलेले. चेहरा घामाने डबडबलेला, आणि आबा गुणगुणत होते. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

"आबा! काय करताय?"

"ये, बस. कुनाचं गं रान ह्ये? मालक आजारी हाय का काय? काकरी न्हाई, वळ न्हाई, निस्तं तन माजलंय. हे बग, चीक येतुय, रुईची भावकी. शेजारधरम म्हनून येवडं तरी भांगलावं म्हटलं."

कुंपणाला एक पाटी होती. मालिनीला ती दिसली. ती वाचावी, निदान सुनेत्राला हाक मारून वाचून घ्यावी, असं तिच्या मनात आलंही. पण आबांच्या डाव्या बाजूला जागा होती, तिची नेहमीची. नऊ वर्षांत कुठल्याच देखाव्यासमोर तिच्या पायांना जे वाटलं नाही ते आता वाटलं. तिने पँटचे पाय वर दुमडले, कुंपण ओलांडलं आणि उकिडवी बसली.

"ह्यो चाकवत?"

"त्यो ऱ्हाऊदे. भाजी तेवडी ठेवायची. बाकीचं काड."

दोघं बापलेक मावळतीकडे सरकू लागली. गावातल्या म्हशीचं बोलणं निघालं, धाकट्या भावाच्या बायकोच्या आळसाचं निघालं. आईचं निघालं, पाच वर्षांत पहिल्यांदाच, आणि दोघांचेही हात न थांबता ते बोलणं पुरं झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मालिनीने मान वर केली ती कुणीतरी किंचाळलं म्हणून.

उन्हाची मोठी टोपी घातलेली, साठीची एक बाई कुंपणाशी उभी होती. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. तिच्यामागून जगन्नाथ, सुनेत्रा, नीला, सगळं मंडळ पळत येत होतं.

"माझं उलथनं!" नीला म्हणाली.

"ओ गॉड," जगन्नाथ म्हणाला. त्याने पाटी वाचली होती.

त्या बाईचं नाव रूथ. निवृत्त शाळामास्तरीण, पार्कच्या लोकांबरोबर बिनपगारी राबायची. तिने जे सांगितलं ते मालिनीला समजलं. या मुलखात नांगर येण्याआधी पुरुषभर उंचीचं रानगवत होतं, त्यात नाना जातींची फुलझाडं होती. ते सगळं नांगराखाली गेलं. आता कुणीकुणी बी शोधून ते परत आणतंय. या तुकड्यातली रोपं शाळेच्या पोरांनी हिवाळाभर कागदी पेल्यांत वाढवली होती आणि महिन्यापूर्वी इथे लावली होती.

"आणि वीड्स तेवढे सगळे ठेवलेत यांनी," रूथ रडत आणि जवळजवळ हसत म्हणाली. "एकूण एक! बघा ना." खरंच, रिकाम्या काळ्या मातीत चाकवत तेवढा ठिकठिकाणी ऐटीत उभा होता.

"काय म्हनती बाई?" आबांनी विचारलं. "गवात उपटलं म्हनून रडती व्हय?"

"आबा," मालिनी त्यांच्याजवळ सरकली. "ह्ये तन न्हवतं. लावल्यालं हाय. शाळंच्या पोरांनी रोपं केल्याली."

"लावल्यालं?"

"व्हय."

आबांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. हळूहळू उठले. टोपी काढली. सबंध गावात कुणी त्यांना टोपीशिवाय बघितलं नव्हतं. डोक्यावर पांढरे केस विरळ, घामाने चिकटलेले. "दुसऱ्याचं उभं पीक उपटलं मी," ते म्हणाले. "आमच्याकडं हे वैरी करत्यात." आणि रूथसमोर त्यांनी दोन्ही मातीचे हात जोडले.

रूथला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. तिने ते हात धरले.

"इट्स ओके, इट्स ओके," जगन्नाथ मध्ये पडला. "आम्ही भरपाई करू..."

"जावईबापू," आबांचा आवाज एकदम पाटलाच्या पंचायतीतला झाला. "पानी आना."

"हं?"

"मुळ्या वल्या हायत आजून. सावली करा, पानी आना. दिस बुडायच्या आत समदं परत जिमिनीत गेलं पायजे. उबं काय ऱ्हायलाय?"

मग जे झालं ते डब्यूकच्या मराठी मंडळाच्या इतिहासात दुसरं झालेलं नाही. थंड पेयांच्या पेट्यांतलं बर्फाचं पाणी ओतून चादरी भिजल्या, त्यांत रोपं गुंडाळली गेली. डॉक्टर आणि जगन्नाथ नळावरून बादल्या वाहू लागले. पोरं कागदी पेल्यांनी पाणी घालत होती. आबा बोटभर खळी पाडत पुढे, मालिनी रोप ठेवून माती दाबत मागे, आणि रूथ कुठलं कुठे ते सांगत त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर. नीला शिफॉनची साडी खोचून स्वतःच्या उलथन्याने खळी पाडत होती.

"नीलाताई, साडी!"

"गेली गं ती. दे इकडे ते रोप. हे उलटं नाही ना?"

सूर्य टेकला तेव्हा शेवटचं रोप उभं राहिलं. उभं म्हणजे, मलूल, मान टाकून. आबा बांधावर बसले. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. "बाईला इचार, जीव धरायला किती दिस लागतील? मी हितं असूस्तवर कळंल का?"

मालिनीने विचारलं. रूथ म्हणाली, तीन आठवडे. तीन आठवड्यांत कोणतं जगलं कोणतं गेलं ते कळेल.

मालिनी आबांकडे वळली. परवा मंगळवार. बॅग दाराशी भरून ठेवलेली. तिने कानाची पाळी चोळली. "दिवाळी म्हनती," ती म्हणाली. "दिवाळीपतूर कळायचं न्हाई म्हनती."

"आई, शी सेड थ्री..." सुनेत्राने सुरुवात केली.

"तू आधी ती बादली नळावर ठेवून ये गं."

आबांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "दुसऱ्याचं पीक मरनाच्या दारात टाकून मी इमानात बसू व्हय? जावईबापू, त्ये तिकीट ऱ्हाऊद्या."

जगन्नाथने बायकोकडे बघितलं. त्याला इंग्रजी चांगलंच येत होतं. "उद्या सकाळीच फोन करतो, आबा," तो म्हणाला.

तो सबंध उन्हाळा, दर बुधवारी आणि शनिवारी, रूथचा निळा पिकअप पिसाळांच्या दारात भोंगा वाजवायचा. आबा खिडकीशी, मालिनी मधे. रूथने आबांना उन्हाची टोपी दिली. त्यांनी ती आपल्या टोपीवर घातली. दोघं एकमेकांशी दिवसभर बोलायची, ती इंग्रजीत, हे कृष्णाकाठच्या भाषेत, आणि भांडायचीही. इथे तण म्हणजे चाकवत, हे एकदा कळल्यावर आबांनी तो असा निवडला की रूथ थक्क झाली. पोत्याने चाकवत घरी येऊ लागला. ताकातला, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून केलेला, वर लसणाची फोडणी. शिकागोहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापताना चिरायच्या, पण आबा तीन तीन खायचे. जुलैत घोळ आली. मंडळाच्या जेवणात मालिनीने ती थेट मधोमध ठेवली.

"वीड आहे हं, नीलाताई."

"गप गं. आणखी वाढ."

नोव्हेंबरात, ठरल्या तारखेच्या आदल्या शनिवारी, मालिनी आबांना शेवटचं तिथे घेऊन गेली. जगन्नाथ कॅमेरा घेऊन आला होता. माळावर थंड वारं होतं, खाली नदी पोलादी रंगाची. रोपं वाळून तपकिरी झाली होती, पण ताठ उभी होती. चार-पाच डझन सोडली तर सगळी जगली होती. रुईच्या भावकीच्या शेंगा तडकून त्यांतला कापूस उडत होता. आबा उकिडवे बसले आणि एका बुंध्याशी बोटाने माती उकरून बघू लागले. मालिनी शेजारी, डाव्या बाजूला बसली.

"पंध्रा दिसांत धरलं हुतं गं समद्यानं," आबा म्हणाले. "पान उबं ऱ्हायलं का मूळ बसलं. साठ वर्सं मातीत गेली माजी, मला ठावं न्हाई व्हय?"

मालिनी त्यांच्याकडे वळली. "मग ऱ्हायलासा कसं?"

"तुजी आई खोटं बोलताना कान चोळायची." आबांनी माती पुन्हा जागच्या जागी सारून तळहाताने दाबली. "आन् चाकवत बरा हुता."

"आबा! मालिनी!" वरून जगन्नाथ ओरडला. "शेवटचा फोटो आहे यार, दोघं एकदा तरी वर बघा!"

कुणी वर बघितलं नाही. त्याने तसाच काढला.